दुसरं पान

क्लाक्सविकच्या धक्क्यावर तीन आठवडे झाले,
कुणालाच दुसरं पान दिसलेलं नाही.

रिपोर्ट उघडतो. पहिल्या पानावर बोटींची नावं क्रमानं,
आल्कापासून लोम्वीपर्यंत,
पुढे कॉड, हॅडॉक, प्रत, किलो.
खालच्या बाणावर टिचकी मारा :
चकती गरगरते, गरगरते,
आणि पुन्हा तेच पान.
पहिले पाढे पंचावन्न.

रॉग्वीची बोट स्कार्वुर. ती दुसऱ्या पानावर.
रोज संध्याकाळी तो ओल्या बुटांनी दारात उभा राहतो.
"दुरिता, मी मासे पकडले की नाही?"

ब्राउझर बदलून पाहिला. कॅश पुसली.
दर फेरीला रिपोर्ट नव्यानं बांधला जातोय का, तेही पाहिलं.
नव्हता.
सर्व्हरला दोष देण्यात अर्थ नाही,
त्याची पाटी दर टिचकीला कोरी :
कोण आपण, कुठून आलात, कितवं पान?
म्हणून पानानंच आपली खूणगाठ
पदराला बांधून न्यायची, परत आणायची.
इथे पदरच कुणी कापलेला.

दोन दिवस मी रिपोर्टच्या खिडकीलाच समजावत होते,
तिच्या रकान्यात 'ट्रू' लिहून.
पण घरातल्या थोरल्यानं नाही म्हटलं
की धाकटीच्या होला कोण विचारतं?
थोरला वर बसला होता, पानाच्या पहिल्याच ओळीत :
'फॉल्स'.
शेजारी टोर्किलची टीप,
नोकरीतल्या त्याच्या शेवटच्या शुक्रवारची :
'समुद्रावरून पान उघडायला चार मिनिटं लागतात.
ओझं उतरवलं. बाकीचं सोमवारी बघतो.'

सोमवारी तो ऑर्हूसला पोचला होता.

मी शिव्या देणार होते. दिल्या नाहीत.
मलाही माहीत आहे ते उपग्रहाचं बिल,
आणि लाटेवर झुलत, हातमोजा दातात धरून
त्या चकतीकडे बघणारा माणूस.

मग थोरल्याला हो म्हणायला लावलं,
आणि बाकीच्या भावंडांच्या गाठी एकेक करून सोडल्या :
मेनू, भरती-ओहोटीचं कोष्टक, कॅलेंडर,
आणि कोपऱ्यातलं ते बंदराचं बोधचिन्ह,
ज्याला काय लक्षात ठेवायचं होतं देव जाणे.
गाठ एकच ठेवली, रिपोर्टची.
पान अकरा सेकंदांत उघडलं.
टोर्किलची टीप मी पुसली नाही.
खाली लिहिलं : 'सोमवार झाला. दुरिता.'

संध्याकाळी रॉग्वीनं स्वतःच बाण दाबला,
जाड बोटानं, जरा जास्तच जोरात.
चकती गरगरली.
स्कार्वुर. अकराशे चाळीस किलो.

तो हसेल असं मला वाटलं होतं.
त्यानं खिशातून भिजून फुगलेली वही काढली,
पेन्सिलीचे आकडे ओठांनी वाचले,
पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"तीन किलो कमी आहेत," म्हणाला,
आणि काटेवाल्याशी भांडायला निघून गेला.