वळसा

ऋजुताचा पाय मुरगळला शुक्रवारी,
नवे बूट घालून जिना उतरताना.
रविवारच्या शर्यतीचे पैसे भरलेले,
छातीवर लावायचा नंबर आलेला, चारशे बारा.
"मावशी, तू पळ," म्हणाली.
मी सोलं निवडत होते, देवगडहून आणलेली.
हसले. सगळेच हसले.
मग कुणीच हसेना.

समुद्राला लागून अठ्ठेचाळीस वर्षं काढली,
धावले नाही असं नाही.
बंदरावर बायका दोनच कारणांनी धावतात,
होडी आली म्हणून
नाहीतर होडी आली नाही म्हणून.
पहिल्या धावण्यात डोक्यावर टोपली असते.
दुसऱ्यात काहीच नसतं,
हात कुठे ठेवावेत कळत नाही.
(तिसरं कारण माझ्या बहिणीनं शोधलं.
घाट चढून ती थेट फुलेवाडीत पळून आली,
सरनोबतांच्या शहाजीबरोबर.
आमच्या घरात चार वर्षं तिचं नाव घेत नव्हते.)

पहाटे रंकाळ्याच्या टॉवरपाशी
हजारभर माणसं जमलेली, काही कारण नसताना.
कुणी पायाला तेल चोळतंय,
कुणी चड्डीतली पोटं आत ओढून फोटो काढतंय.
मी बहिणीची सलवार घातलेली, नाडी दोनदा बांधून.
ऋजुताचे बूट, पुढे कापूस कोंबलेले.
चौपाटी म्हणतात याला इथले लोक,
भेळेच्या गाड्या बघून म्हणत असावेत.
नाक वर करून वास घेतला,
मीठ नाही, खवट नाही,
ओलं शेवाळ आणि कुठूनतरी कांद्याची फोडणी.

शिट्टी झाली.
पोरं सुटली, मग बाप्ये सुटले,
मग आम्ही.

पायाखाली रस्ता घट्ट,
टाच रुतत नाही, मागे खेचत नाही कुणी,
याचीच भीती वाटली आधी.
शालिनी पॅलेसशी श्वास तुटला.
कठड्यावर बसलेला एक म्हातारा ओरडला,
"मावशी, दमानं घ्या!
रंकाळा कुठं पळून जात न्हाई!"
पुढे म्हशी आडव्या आल्या, दूधकट्ट्याला निघालेल्या,
त्यांना शर्यतीचं काही पडलेलं नव्हतं.
थांबले. त्यांच्याबरोबर जरा चालले.

आणि तिथे, संध्यामठाच्या बाजूला कुठेतरी,
मान वळवली तर पाण्यापलीकडे टॉवर,
निघाले तो.
बोटाएवढी माणसं. त्यातलीच एक बहीण असणार,
पिवळी साडी, हातात माझ्या चपला.

असं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं
ज्याला पलीकडला काठ आहे
आणि त्या काठावर आपली चपला धरून कुणी उभं आहे.
आमच्या पाण्याला वळसा घालता येत नाही.
त्याच्या अलीकडेच उभं राहायचं,
तीन दिवस, तीन रात्री,
मग एका सकाळी तो चालत यायचा
डिझेलच्या वासाचा,
आणि चहा मागायचा जसा काही परसात गेला होता.

रडले बहुतेक. घामात कळत नाही.
पाय मात्र आपले आपण पळत होते,
विचारत नव्हते मला.

"ऋजुता सरनोबत, वय वर्षं तेवीस!"
भोंग्यातला माणूस ओरडला
आणि माझ्याकडे बघून गप्प झाला.
माझ्या मागे चौघं होती,
त्यातला एक मोबाईलवर बोलत येत होता.
गळ्यात मेडल पडलं, हातात केळं.
बहिणीनं चपला खाली ठेवल्या,
वाकून, पायापाशी.
एवढ्या वर्षांत ती मला बिलगली नव्हती,
आता बिलगली, तर घामाची म्हणून मीच दूर झाले.

मिसळीच्या टेबलावरून त्याला फोन लावला.
"कितवी इलंस?"
शेवटून पाचवी, म्हटलं.
"आणि खंय पोचलंस?"
जिथून निघाले तिथंच.
"मगे धावलंस कित्याक?"

तोंडात कट होता, जाळ झालेला,
बोलता येईना.
तो जरा थांबला. मग म्हणाला,
"खंय आसंस गो तू?
गाज आयकाक येणा नाय."

मी फोन पाण्याकडे धरला.