दोराचं शेपूट

रापणीची वही माझ्याकडे असते.
कोण कुठल्या दोराला, कोण होडीत,
कोणाचं पोर आजारी म्हणून आज नाही,
सगळं मी लिहितो, पेन्सिलीनं,
कारण खाऱ्या हातांपुढे शाई टिकत नाही.

त्या दिवशी पहाटे चारला होडी सुटली.
अर्धगोल घालून परत किनाऱ्याला लागली तेव्हा
खुरसापाशी कोणीतरी लावलेली मेणबत्ती अजून जळत होती.
मग ओढ.
दोन्ही टोकांना तीस-तीस माणसं,
टाचा वाळूत रुतवून, मागे, मागे.
वाळू पायाखालून निसटते, दर्या सोडत नाही.
रुझायमावशीच्या तळहाताची साल निघाली,
तरी साल्वादोरच्या लग्नातल्या सोरपोतेलाला नावं ठेवत
ती ओढतच होती.

ऊन माडांच्या वर आलं.
खोला जवळ आला, पाणी उकळल्यासारखं झालं,
घारी जमल्या,
आणि तेव्हा आला मिंगेल.

हाच तो. गेल्या वर्षी
जाळ्याची शिसं कापून बाजारात विकणारा.
पंधरा दिवस आम्ही नुसतं ओढत होतो
आणि मासळी जाळ्याखालून शांतपणे निघून जात होती,
मीस संपल्यावर माणसं जातात तशी.
वहीत लिहिलेलं आहे: शिसं, चौदा किलो. येणे.

कोणाशी बोलला नाही. चपला काढल्या
आणि दोराच्या शेपटाला हात लावला,
जिथं ओलं वेटोळं पडलेलं असतं,
ओढायला काही उरलेलं नसतं.
फार तर दहा पावलं.

मासळी पडली. बांगडे जास्त, थोडे सौंदाळे,
एक मोरी, ती होडीची.
इनासबाब वाळूवर वाटे घालत गेला,
वाकून, ओंजळीनं,
ऐंशी वर्षांच्या गुडघ्यांना शिव्या देत.
मी मोजत गेलो. वहीत नावं एकसष्ट. वाटे बासष्ट.
म्हटलं, बाब, एक जास्त झाला.
"नाय झालो."
म्हटलं, दहा पावलं ओढलंय त्यानं. आणि शिसं?
म्हातारा सरळ झाला. त्याला वेळ लागला.
"कायतान, तुजो आजो दर्यात पेरूक गेल्लो काय रे?"

लोक हसले. मी नाही.
तेव्हा त्यानं स्वतःच्या वाट्यातला एक बांगडा उचलला
आणि माझ्या वाट्यावर टाकला.
तो कुठल्या रकान्यात लिहायचा
हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

रात्री तळहातातला सुंभाचा कूस सुईनं काढताना आठवलं.
सहा वर्षांचा होतो.
बाप परत न आला ते वर्ष.
मी दोर ओढत नव्हतो, दोराला लटकलो होतो,
दोरच मला वाळूवरून फरफटत नेत होता,
चड्डी फाटली, सगळे खदखदले,
आणि आईच्या टोपलीत एक वाटा पडला.
अख्खा.
तेव्हा वही कोणाकडे होती?
काय लिहिलं त्यानं माझ्या नावापुढे?
जुन्या वह्या वाळवीनं खाल्ल्या.

मिंगेलनं त्या मासळीचं काय केलं मला ठाऊक नाही.
खाल्ली असेल. विकून प्यायला असेल.
शिसं काही परत आलं नाही.

रविवारी इगर्जीत तो रांगेत माझ्या पुढे होता.
मान खाली, केसांना तेल,
शर्ट उसना असावा, खांद्यात सैल.
पाद्रीबाबनं त्याच्या हातावर ओस्ती ठेवली,
मग माझ्या.
मी बघितलं. सवयच ती.
दोन्ही एकाच मापाच्या,
पातळ, पांढऱ्या,
आणि ती धरणाऱ्या माझ्या बोटांना
अजून बांगड्यांचा वास येत होता.