उष्टी हवा

सजाच्या शेवटच्या गल्लीत, शेडच्या पत्र्याखाली
ती उभी आहे. आता तिला बस म्हणायचं नाही.
आत पलंग, बेसिन, जाळीचे पडदे,
काहव्याच्या दल्ल्यासाठी लाकडात कोरलेला खण.
अबू सुहैलना थंडी पडली की वाळूत मुक्कामाला जायचंय.
अडलंय एकाच जागी:
पोटातला जनरेटर बावीस मिनिटांत बंद पडतो.

बावीस. मी तीनदा मोजली.
तेल ठीक, पट्टा ठीक, पंप पाणी फेकतोय.
सुदेवन म्हणाला, थर्मोस्टॅट. बदलला.
चोवीस.
गुलजमीननं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला,
म्हणाला, पंखा मोठा लाव उस्ताद.
लावला.
एकोणीस.

मग पुठ्ठा अंथरून बसखाली उताणा झालो
आणि खिशातली उदबत्ती पेटवली.
मोगरा. घरून आलेल्या डब्यात, चटणीच्या पुडीला लागून
तिला लसणाचा वास लागलेला.
रेडिएटरच्या मागे धरली.
धूर निघाला घाईघाईत,
चेसिसच्या आडव्या पट्टीवर आपटला,
घुटमळला जरासा,
आणि वळून, पंखा ज्या जाळीतून श्वास घेतो
तिच्यातच परत शिरला.

उष्टी हवा.
इचलकरंजीत कुणी उष्टं ताट पुढ्यात सरकवलं
तर माणूस पाटावरून उठून जातो.
हा लोखंडाचा. उठून जाणार कुठे?
आपलंच टाकलेलं पुन्हा गिळतो, पुन्हा गिळतो,
आणि गप्प होतो.

म्हणजे नाक आणि तोंड वेगळं करायचं, एवढंच काम.
मध्ये पत्र्याची भिंत, कडेनं रबराची पट्टी;
बोटभर फट राहिली तरी गरम हवा
वसुलीवाल्यासारखी बरोबर दार शोधते.
तोंड खाली, मागच्या चाकाकडे.
नाक डाव्या अंगाला, जमेल तितकं वर.

डावं अंग कापताना पांढऱ्या रंगाखाली निळा निघाला.
निळ्याखाली कंपनीचं नाव, अर्धं.
आत फरशीच्या कडेला चार-चार भोकं, पुटीनं बुजवलेली,
ओळीनं, शेवटपर्यंत.

हीच असेल असं नाही. अशा शेकडो होत्या.
पहाटे चारला कॅम्पातून निघायच्या,
साठ माणसं, खिडक्या स्क्रूनं बंद,
ड्रायव्हरच्या डोक्यावर एक पंखा, त्याच्यापुरता.
भीमाप्पा कुरळे ओला पंचा तोंडावर धरायचा,
सुकला की मागच्याला द्यायचा.
तो पंचा शेवटच्या सीटपर्यंत
कधी पोचला का, माहीत नाही.
मी आठव्या ओळीत होतो.

संध्याकाळी बटण दाबलं.
बावीस गेली. चाळीस गेली.
तासाभरानं काटा जिथल्या तिथे,
जाळीला बांधलेला दोरा आतल्या बाजूला ताठ.
अबू सुहैल आले, कान देऊन उभे राहिले.
खलास?
खलास.
त्यांनी सगळ्यांना थंड लबान पाजलं.

ते गेल्यावर मी नव्या जाळीपुढे हात धरला.
ऑगस्टची हवा, चव्वेचाळीस अंश,
वर समुद्राचा चिकटपणा.
पण कुणी न वापरलेली.

गुलजमीन ग्लास विसळत म्हणाला,
उस्ताद, दोन उदबत्त्या दे.
कशाला?
आमच्या खोलीत लावून बघतो,
धूर कुठे जातो.