दोनशे टक्के

म्झेविनार बाईंनी दुकानात शिरताच
पिशवीतून सुतळी काढली.
एक टोक भुवईशी धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं:
"माझ्या डोळ्यांपासून माझ्या भिंतीपर्यंत एवढंच अंतर.
ह्यात बसेल ते दाखव."

कुताइसीत, रिओनीच्या पुलापासून तिसरं दुकान,
अकरा वर्षं मी पडदे विकतोय.
लोक इंच मागतात. आधी इंचच.
बत्तीस, चौतीस, वाकलेला, न वाकलेला,
शेजारच्या झुराबकडे आहे त्याहून बोटभर मोठा.
टेबलाची खोली कुणी सांगत नाही,
पडदा परत येतो तेव्हा कळते,
सोबत आखडलेली मान.

मी सवयीने माशांची फिल्म लावली,
निळं पाणी, केशरी कल्ले.
"मासे काढ," बाई म्हणाल्या,
आणि कीबोर्ड ओढून दोनच शब्द टाइप केले.
कात्सी. वात्सी.

कात्सी म्हणजे माणूस.
वात्सी म्हणजे बोकड.
आमच्या लिपीत दोघांत फरक एका काडीचा,
अक्षराच्या डोक्यावर उभी असते ती.

बाई वर्तमानपत्राचं शेवटचं पान तपासतात,
निधनवार्तांचं.
मागच्या हिवाळ्यात ऑफिसातल्या कुणा पोराने
त्यांच्याच सोयीसाठी पडदा एकशे पंचवीस टक्क्यांवर नेला,
आणि साम्त्रेदियाच्या एका मास्तरांबद्दल छापून आलं
की एक सज्जन बोकड आपल्याला सोडून गेला.

"मुलगी आली होती त्यांची.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
नुसतं विचारत होती,
वाचताना तुम्हाला काय दिसलं."

ध चा मा व्हायला
इतकंच पुरतं.

मग आम्ही बसलो, बाहेर अंधारेपर्यंत.
चोवीस इंच, साधा: अक्षर मोठं, पण कडांना जिने.
सत्तावीस, अडीच हजार ठिपके आडवे, शंभर टक्के:
पान पुष्कळ मावतं,
आणि बाई सुतळी विसरून पुढे झुकतात.
एकशे पंचवीस करून पाहिलं.
काडी दोन ठिपक्यांच्या मधोमध पडली,
थोडी ह्याच्यात, थोडी त्याच्यात,
उरलं राखाडी धुकं.
"हाच," त्या म्हणाल्या. "हाच तो बोकड."

ठिपक्यांचं गणित मला तोंडपाठ आहे,
इंचाला ब्याण्णव, इंचाला एकशे नऊ.
ते कधी कुणाच्या मयताला गेलं नव्हतं.

शेवटी सत्तावीसच, पण जवळजवळ चार हजारांचा,
आणि प्रमाण सरळ दोनशे.
जिथे एक ठिपका होता तिथे चार,
वाटून घ्यायला कुणी उरलंच नाही.
काडी उभी राहिली, काळीभोर.

"पण पान निम्मंच मावतंय," मी कबूल केलं.
"दीडशेवर ठेवा, बरंच बसेल,
बहुतेकांना फरक कळतसुद्धा..."
"बहुतेकांना," त्या म्हणाल्या,
आणि चष्मा पुसत राहिल्या.
"मेलेले जत्रेने येत नाहीत रे.
एकेक करून वाचेन."

पैसे पुतण्याने पोलंडहून पाठवलेले.
बत्तीसच घे, असं बजावून.

आठ दिवसांनी फोन: बाण अडखळत चालतो.
चूक माझी. जुनी केबल दिली होती खोक्यातली,
सेकंदाला तीसदाच चित्र बदलणारी.
नवी घेऊन बसने गेलो.
भिंतीला टेकलेलं टेबल, वर पडदा,
पडद्यावर निम्मं पान, कुणाचं तरी नाव,
जन्माचं साल, मृत्यूचं साल.

केबल लावून उठलो तर म्हणाल्या,
"आलास तर तूही एकदा वाच. कात्सीच आहे ना?"

मी नाक लावून पाहिलं.
मग सुतळीइतका मागे आलो
आणि पुन्हा पाहिलं.