गाळलेली जागा

पोतोसीच्या शाळेत आमच्या दोन वर्गांमध्ये
फळ्यांची भिंत आहे, खिळे सुटलेली.
अलीकडे मी, एकोणीस वर्षं तेच सांगणारा:
लिहा. पाणी शंभर अंशांना उकळतं. पूर्णविराम.
पलीकडे यंदा आलेली होविता कोल्के.

त्या मंगळवारी तिनं शेगडी आणली,
गॅसचा पिवळा सिलिंडर, बूड काळं झालेलं पातेलं,
आणि गावभर मागून तीन तापमापकं.
पेटवायच्या आधी म्हणाली, पैज लावा.
कुठं थांबेल पारा? आकडा फळ्यावर, आकड्याखाली नाव.
छत्तीस जणांनी शंभर लिहिलं
(माझ्याच हाताखालून गेलेली पोरं).
एदिल्सोननं नव्वद. त्याला सगळे हसले.

मग बराच वेळ नुसती शेगडीची फुरफुर.
पाणी उकळलं, खळखळून,
आणि पारा सत्त्याऐंशीवर बसला तो उठेना.
बिघडलंय, कुणीतरी म्हणालं.
दुसरं घातलं. सत्त्याऐंशी.
तिसरं. जरा कमीच.

मला उत्तर ठाऊक होतं.
हवेचा दाब, चार हजार मीटर उंची,
कॉलेजात घोकलेलं, दहापैकी नऊ गुण.
ते ह्या गावाबद्दल आहे
हे मात्र कधी सुचलं नव्हतं.
ती सांगेल म्हणून मी फटीला कान लावला.
ती म्हणाली, शेजाऱ्याशी भांडा. पाच मिनिटं.

बाकं सरकली. असा कालवा
की मी भिंतीवर थाप मारायला हात उचलला,
तेवढ्यात रुफिनाचा बारीक आवाज:
बाई, आमच्याकडे घेवडा शिजायला अख्खी दुपार जाते.
मावशी खाली सांताक्रूझला राहायला गेली,
तिथं तासाभरात त्याचा लगदा.
ती म्हणते, तिथला घेवडाच खोटा.

कुणी हसलं नाही.
मग मागून एक पोरगं, अगदी हळू:
मग हे शंभर कुणाचं?

माझा हात फळीवर तसाच राहिला.

आज वार्षिक परीक्षेचे पेपर घरी आणलेत.
गाळलेल्या जागा भरा. प्रत्येकी एक गुण.
पाणी ……… अंशांना उकळते.
रुफिनानं आकडा लिहिलेला नाही.
ठिपक्यांवर, नीट अक्षरात: कोणत्या जागी?

लाल पेन उघडं आहे.
किटली केव्हाची उकळतेय, झाकण थडथडतंय,
आणि घरात तापमापक नाही.