भावे प्रयोग

स्विंडनला पाच छोट्या चौकांचा मिळून एक मोठा चौक आहे,
बस त्यातून वळतवळत जाते
आणि मी ओठ हलवत असते.
शेजारच्या बाईला वाटत असेल, स्तोत्र म्हणतेय.
मी म्हणत असते:
नोकरी सोडली.
नोकरी सुटली.
नोकरी गेली.

ओकाराचा उकार होतो, 'ड'चा 'ट',
तेवढ्या फटीत माझी तेरा वर्षं,
गिअरचे दात मायक्रॉनमध्ये मोजलेली.
'गेली' तर आपण माणसांनाही म्हणतो.
पुढे एवढंच विचारतात, कशानं?

कराडच्या शाळेत खांबेटे बाई फळ्यावर लिहायच्या:
शिपायाने चोरास पकडले.
कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचं ऐकत नाही
असं क्रियापद, तो भावे प्रयोग.
पाठ तेव्हाच केला. कळला मागच्या फेब्रुवारीत,
बिस्किटांची बशी मांडलेल्या मीटिंग रूममध्ये:
त्यांनी मला काढलं.
मी बाई, ते चौघे,
आणि क्रियापद नपुंसकलिंगी, एकवचनी,
आमच्यातल्या कोणाशीच देणंघेणं नसलेलं.

ग्विनेथ म्हणाली, माणूस नाही हं,
फक्त भूमिका अतिरिक्त ठरली.
मग मी त्या भूमिकेला कोट चढवला,
तिचा मग, तिची कोरफडीची कुंडी खोक्यात भरली
आणि तिला घेऊन घरी आले.

पहिल्या मुलाखतीत म्हटलं, सोडली.
नवी आव्हानं वगैरे.
समोरचा मुलगा, मुलगाच, आमच्या अन्वयएवढा,
हसून म्हणाला, दुसरी हातात नसताना?
कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या.

दुसऱ्या ठिकाणी सगळंच सांगत सुटले.
दोनशे बारांपैकी अडतीस,
ऑर्डरी कशा आटल्या, गुणांचा तक्ता कसा केला,
मला किती कमी पडले. दीड.
त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.
घरी हेरंब म्हणाला,
मुलाखतीला गेली होतीस की साक्ष द्यायला?

आज तिसरी.
मिसेस ओसेईंनी चष्मा वर केला,
अकरा महिने, म्हणाल्या, या काळात काय केलंत?

आणि मला डर्मट आठवला.
सहा वर्षांपूर्वी, टेबलाच्या पलीकडे मी होते.
पंचावन्नचा असेल, शर्ट नवा,
दुकानातल्या घड्या छातीवर तशाच.
आठ महिने रिकामे. हाच प्रश्न विचारला होता मी,
याच मऊ आवाजात.
तो म्हणाला, आईचे टोमॅटो सांभाळले.
आई उरली नव्हती, टोमॅटो होते.
मी समासात लिहिलं: अस्पष्ट.
चहाच्या सुट्टीपर्यंत विसरूनही गेले.

मला काढलं, मी म्हटलं.
इंग्रजीत म्हटलं, पण आतून मराठीतच आलं,
आखूड, पूर्णविरामासकट.
मग दोन महिने नुसती झोपले.
मग दर शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये
लोकांचे टोस्टर दुरुस्त केले, फुकट.
एकोणतीस टोस्टर.
एका म्हाताऱ्या बाईंचा रेडिओही, तो नाही जमला,
पण त्या पुढच्या शनिवारी परत आल्या,
रेडिओ न आणता.

बोलून थांबले. खोलीतला हीटर टकटक करत होता.
मिसेस ओसेईंनी समासात काहीतरी लिहिलं,
एकच शब्द.
माझ्या बाजूनं उलटा दिसत होता.

परतीच्या बसमध्ये
त्या शब्दाची नुसती लांबी आठवत बसले.
पाच चौक कधी गेले, कळलं नाही.