वजनाची वही

नारीनमध्ये ऑक्टोबरातच नळाचं पाणी गोठतं,
म्हणून मी रात्रीच बादल्या भरून ठेवते.
बाटल्या उकळायला पाणी लागतं,
आणि किम्बातच्या बाळाला दर दोन तासांनी पाजायचं असतं.

मऊ बाटली, लांब बूच, बाळ उभं धरायचं.
दाबायचं ते त्याच्या गिळण्याच्या चालीनं,
आपल्या घाईनं नाही.
हे तिला मी पहिल्या दिवशी सांगितलं.
दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं.
तिसऱ्या दिवशी दूध नाकातून आलं
तेव्हा तिनं बाटली भिंतीवर मारली,
आणि मी काहीच सांगितलं नाही. फरशी पुसली.

सासू म्हणाली, पोटुशी असताना सशाचं मटण खाल्लंस.
ती म्हणाली, दोन वर्षांत ससा दिसलाय कुणाला?
वहीत या नोंदीला रकाना नाही.
वहीत असतं: सोमवार, तीन किलो नऊशे.
गुरुवार, तीन नऊशे वीस.
रविवार, तेवढंच.

डॉक्टर शारशेनबेक महिन्यातून दोन दिवस येतात,
दोलोनचा घाट उघडा असला तर.
त्यांना घाई असते, आणि ती खोटी नसते,
बाहेर अकरा आया बसलेल्या असतात.
भूल देणारी बुरुलचा वही उघडते,
बाळाच्या छातीला कान लावते,
नळी नंतर, आधी कान,
आणि म्हणते, घरघर आहे. वजन चार तीनशे. नाही.
दोनशे ग्रॅमसाठी?
दोनशे ग्रॅमसाठी.

मग दोघंही माझ्याकडे बघतात,
कारण किम्बातला सांगायचं काम कुणाचं
हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही
आणि सगळ्यांना ठाऊक आहे.

ती रागानं गावी गेली.
मी मेदेरच्या गाडीतून बाटल्या धाडल्या,
त्यानं त्या सीटखाली, आपल्या टोपीत गुंडाळून नेल्या.
दहा दिवस काही नाही.
अकराव्या दिवशी फोनवर एक ओळ:
लोकर तोलायच्या काट्यावर ठेवला,
दुलई वजा करून चार सहाशे.
मी ती वहीत उतरवली. समोर लिहिलं: काटा लोकरीचा.
बुरुलचानं वाचलं, हसली नाही,
पुढच्या यादीत त्याचं नाव पहिलं घातलं.

ओठ शिवले म्हणजे माणूस गप्प बसतो असं म्हणतात.
त्या दिवशी दीड तास आम्ही सगळे गप्प होतो,
आणि शिवलेले ओठ घेऊन तो जागा झाला
ते सगळा मजला उठवतच.
किम्बात बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, तो आधीचा हसायचा ना,
ते मला पाठ झालं होतं.
मी तिच्या हातात बाटली दिली.

वर्षानं टाळू. त्याची वही वेगळी, निळी.

आज तो साडेतीन वर्षांचा, बेक्तुर,
जिल्दिजसमोर स्टुलावर पाय हलवत बसलाय.
ती त्याच्या नाकाखाली छोटा आरसा धरते.
प म्हणून पाहा तुम्ही,
ओठ मिटतात, हवा आत थांबते, मग सुटते.
टाळूत फट राहिली तर ती नाकानं पळते,
आरसा धुरकटतो,
आणि प चा म होऊन जातो.
त्यांच्या घरात आईला आपा म्हणतात.
तो म्हणतो, आमा.
आरसा पांढरा.
डॉक्टर म्हणतात, अजून एक टाका लागेल.
जिल्दिज म्हणते, अजून सहा महिने द्या मला.
बुरुलचा विचारते, सर्दी आहे का?
तिघंही माझ्याकडे बघतात.

मी कागदाचा कपटा टेबलावर ठेवते.
फुंक, म्हणते. नाकानं नाही रे, ओठांनी.
कपटा हलतो. पडत नाही.
आ-पा, तो म्हणतो, एकदा, चुकून,
किम्बातकडे न बघता, कपट्याकडे बघत.
आरशाच्या कोपऱ्यात तांदळाएवढी वाफ.

निळ्या वहीत लिहिते: गुरुवार. तांदळाएवढी.
पुढचा गुरुवार ठरवते, मेदेरला कळवते.
मग बादल्या भरायला जाते,
नळ अजून वाहतोय तोवर.